सोन्याचा शिक्का बघतो, हेल्मेटचा का नाही?

(महासंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्या मैत्रिणींसाठी ते इथं देत आहोत. पुढच्या गट बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, ही विनंती.)

तायांनो, मावश्यांनो आणि मागं उभ्या असलेल्या पोरींनो.

सकाळी मी थोडी लवकर आले आणि मंडपाच्या दारात उभी राहिले. कुणी एसटीनं आलं, कुणी जीपनं. पण पुष्कळ जणी दुचाकीवर आल्या. कुणाला पोरानं सोडलं, कुणाला मालकानं, कुणाला दिरानं. काही जणी स्वतः स्कुटी चालवत आल्या, त्यांचं कौतुकच आहे. गाडी चालवणाऱ्या काही जणांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागं बसून आलेल्या एकीच्याही डोक्यावर मला ते दिसलं नाही. पदर मात्र सगळ्यांचा नीट खोचलेला.

मी कुणाला नावं ठेवायला उभी नाही. माझी गोष्ट तर अजून वेगळी आहे. माझ्याकडं हेल्मेट होतं, तरी माझं डोकं फुटलं. कसं ते आधी सांगते, मग पुढचं बोलू.

दोन वर्षांमागची गोष्ट. उसाचे दिवस होते. बँकेचं काम आटपून पुतण्याच्या गाडीवर चाकूरहून गावाकडं निघाले. माझ्या डोक्यावर मालकांचं जुनं हेल्मेट. त्यांनी स्वतःला नवं घेतलं आणि म्हणाले, "हे तू वापर, वाया कशाला घालायचं?" मलाही बरं वाटलं, फुकटात मिळालं. ते मला इतकं ढगळ व्हायचं की आत रुमाल कोंबून बसवावं लागायचं. पट्ट्याचं लॉक तुटलेलं, म्हणून मी नाडीची गाठ मारायची. त्या दिवशी घाईत तीही मारली नाही.

गावाच्या अलीकडं एक स्पीडब्रेकर आहे. त्याला ना पांढरा पट्टा, ना फलक. पुतण्याला तो उशिरा दिसला. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली. गाडी उसळली आणि मी मागच्या मागं पडले. पुतण्या अजून सांगतो, "काकू, तुमच्या आधी हेल्मेट पडलं." ते गडगडत बाभळीखाली गेलं आणि माझं डोकं डांबरावर आदळलं.

सात टाके पडले. टाके पंधरा दिवसांत सुकले. पण पुढं दोन महिने मला गटाची वही लिहिता येईना. बेरीज करायला घेतली की आकडे हलायचे. कुणाचा हप्ता जमा, कुणाचा बाकी, हे सगळं तोंडपाठ असणारी बाई मी. आणि मला काल कोणती भाजी केली ते आठवेना. माझ्या जागी वही लिहायला दुसरी कुणी तयार नव्हती. तीन गटांची कर्जप्रकरणं माझ्यामुळं लांबली. तेव्हा मला कळलं, हे डोकं माझ्या एकटीचं नाही. माझं घर, माझं मानधन आणि माझ्या गटांचा हिशेब, सगळं त्याच्यावर चालतं.

मागची सीट आणि आपण

आता जरा आकडे ऐका. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणं २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून नोंदलेले मृत्यू ५०,०२९. त्यातले ३५,६९२ गाडी चालवणारे आणि १४,३३७ मागं बसलेले. मागच्या सीटवर आपल्या भागात बहुतेक वेळा कोण बसतं, ते मी सांगायला नको.

हेल्मेटनं खरंच फरक पडतो का, असं विचाराल. जगभरातले ६१ अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये एक निष्कर्ष निघाला. हेल्मेट असेल तर अपघातात मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी कमी होतो आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे हेल्मेट घातलं की काहीच होणार नाही, असं नाही. पण शंभरातल्या पुष्कळ जणी घरी परत येतील, एवढं नक्की.

आणि आपल्याला धोका थोडा जास्तच आहे. साडी नेसून आपण एका बाजूला बसतो. पकडायला एक हात, दुसऱ्या हातात पिशवी नाहीतर लेकरू. गाडी उसळली की आपण मागं पडतो आणि डोक्याचा मागचा भाग आधी टेकतो. म्हणून मागच्या सीटवरच्या बाईला हेल्मेट पाहिजे, आणि तेही मागून मानेपर्यंत, बाजूनं कानांपर्यंत झाकणारं पाहिजे.

हेल्मेट वाचवतं कसं?

मी नवं घ्यायला गेले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, वरचं कडक कवच डोकं वाचवतं. ते अर्धंच खरं आहे. कवच घासण्यापासून आणि टोकदार दगडापासून वाचवतं, मार पसरवतं. पण खरं काम करतो तो आतला थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात येतो तसा ठिसूळ नाही, चांगला घट्ट दाबलेला असतो.

शहाबादी फरशीवर पडणं आणि कडब्याच्या गंजीवर पडणं यात फरक काय? कडबा दबतो, आपण जरा सावकाश थांबतो. थर्माकोल तेच करतो. डोकं आदळलं की तो स्वतः चेपतो आणि मार खाऊन घेतो. पण एकदा चेपला की तो परत फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटनं एकदा जोराचा मार खाल्ला, ते वरून कितीही चकचकीत दिसू द्या, त्याचं काम संपलं.

रस्त्याच्या कडेला दोनशे-तीनशे रुपयांत जी टोपी मिळते ना, ती एकदा उलटी करून बघा. आत नुसता स्पंज आणि कापड असतं. स्पंज बोटानं दाबला की लगेच कवचाला टेकतो. ती पोलिसाला दाखवायची टोपी आहे. डांबराला ती फसवू शकत नाही.

तोच शिक्का, तेच ॲप

तायांनो, आपण मणी घ्यायला सराफाकडं जातो तेव्हा काय करतो? हॉलमार्क बघतो. आता तर त्यावर सहा अक्षरी-आकडी क्रमांक असतो, तो मोबाईलवर तपासतो. अर्धा ग्रॅमसाठी आपण दोन दुकानं फिरतो. बियाण्याची पिशवी घेतली तर टॅग आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो.

हॉलमार्कची व्यवस्था बघणारी सरकारी संस्था म्हणजे भारतीय मानक ब्यूरो. हेल्मेटला आयएसआय शिक्का देणारी संस्था तीच आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय बनवायलाही बंदी आहे आणि विकायलाही. म्हणजे शिक्का नसलेलं हेल्मेट दुकानदारानं समोर ठेवलं, तर तो आपल्यावर स्वस्ताचे उपकार करत नाही, नियम मोडतो.

नुसता शिक्का दिसला म्हणून खूश होऊ नका. खोटं स्टिकर पण मिळतं. नीट बघा. शिक्क्याच्या वर इंग्रजीत आयएस ४१५१ लिहिलेलं पाहिजे, तो हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक. शिक्क्याच्या खाली सीएम/एल आणि पुढं आकडे पाहिजेत, तो त्या कारखान्याचा परवाना क्रमांक. मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या, परवाना तपासण्याच्या ठिकाणी ते आकडे टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते दिसतं. हेल्मेटवर एक नाव आणि ॲपमध्ये दुसरं, तर ते हेल्मेट परत ठेवा. सोन्याचा क्रमांक तपासायचं ॲपही हेच आहे. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांनी बँक सखीला नाहीतर घरातल्या शिकत्या पोरीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

पक्की पावती मागा. फसवलं गेलं तर त्याच ॲपवर तक्रार करता येते, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर.

दुकानात मला काय दाखवलं

मी लातूरला गंजगोलाईच्या बाजूला एका दुकानात गेले. "मला हेल्मेट पाहिजे" म्हटल्यावर त्यांनी गुलाबी रंगाची एक अर्धी टोपी काढली. "ताई, बायकांना हेच चालतंय. हलकं हाय, केस बी मोडत नाहीत." मी ती घातली. कान उघडे, मान उघडी. मी विचारलं, "दादा, मी मागं पडले होते. यात मागचं डोकं कुठं झाकतंय?" ते हसले आणि दुसरं काढून दिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आपण विचारलं नाही तर आपल्याला हलकंच दाखवतात. विचारलं की खरं बाहेर येतं.

तर दुकानात जायच्या आधी आणि गेल्यावर काय करायचं, ते लिहून घ्या.

पहिलं, माप. ब्लाऊज शिवताना आपण माप देतो, डोक्याचं पण द्यायचं. शिवणाची टेप घ्या. भुवयांच्या वर दोन बोटं सोडून, कानांच्या वरून, डोक्याचा मागचा सगळ्यात फुगीर भाग येईल अशी टेप फिरवा. जेवढे सेंटिमीटर येतील ते लिहून ठेवा. हेल्मेटवर ५६०, ५८०, ६०० असे मिलिमीटर लिहिलेले असतात. ५६० म्हणजे ५६ सेंटिमीटर. तुमच्या मालकांचं माप तुमचं नसतं. चप्पल एकमेकांची घातली तर पाय दुखतो, हेल्मेट एकमेकांचं घातलं तर ते ऐनवेळी निसटतं.

दुसरं, घालून बघा. दोन्ही बाजूंचे पट्टे धरून जरा फाकवा आणि घाला. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. कपाळ आणि अस्तर यांच्यामध्ये बोट सहज जायला नको. मान डावी-उजवीकडं हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. डोकं फिरतंय आणि हेल्मेट जागेवर, असं झालं तर ते मोठं आहे. दहा मिनिटं तसंच घालून दुकानात बसा. एकाच ठिकाणी टोचायला लागलं तर दुसऱ्या आकाराचं बघा. नवं हेल्मेट किंचित घट्टच घ्यावं, कारण अस्तर वापरून सैल होतं.

तिसरं, पट्टा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. मग मैत्रिणीला सांगा, मागून मानेजवळ हात घालून हेल्मेट पुढं ढकल. डोक्यावरून निघून आलं, तर ते घेऊ नका. ही परीक्षा माझ्या जुन्या हेल्मेटची कुणी घेतली असती, तर माझे सात टाके वाचले असते. आणि पट्टा लावला नाही तर हजाराचं हेल्मेट आणि डोक्यावरची पाटी सारखीच.

चौथं, प्रकार. सगळ्यात चांगलं म्हणजे हनुवटीसकट पूर्ण तोंड झाकणारं. ज्यांना गुदमरल्यासारखं होतं त्यांनी समोरचा भाग वर उचलता येतो तसं बघावं, पण गाडी चालू असताना तो खाली लावून लॉक करायचा. तेही नको असेल तर निदान कान आणि मागचं डोकं पूर्ण झाकणारं घ्या. अर्धी टोपी नको.

पाचवं, काच. काच साधी, पारदर्शक घ्या. काळी काच दिवसा झोकदार दिसते, पण संध्याकाळी घरी यायला उशीर झाला की समोरचा खड्डा दिसत नाही. आपल्याकडं उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात जातात, कित्येकांना मागं लाल दिवा नसतो. काचेवर चरे पडले की समोरच्या गाडीचा उजेड फुटतो आणि डोळे दिपतात. तेव्हा पूर्ण हेल्मेट नको, फक्त काच बदलून घ्या. ती वेगळी मिळते.

सहावं, रंग. पांढरा, पिवळा असा उठून दिसणारा घ्या. रात्री दिसतो आणि उन्हात कमी तापतो.

किंमत विचाराल. आयएसआय शिक्क्याचं चांगलं हेल्मेट साधारण हजार-बाराशेच्या आसपास मिळतं. त्यापुढचे पैसे पुष्कळदा चित्रांचे, रंगांचे असतात. शिक्का, माप आणि पट्टा या तीन गोष्टी बरोबर असल्या की साध्या रंगाचं पण चालतं.

"पण ताई..."

आता तुमचे "पण" मला माहीत आहेत. मी पण तेच म्हणायची.

"अंबाडा मोडतो." उंच अंबाडा घातला तर हेल्मेट बसतच नाही, वर राहतं. मानेजवळ सैल वेणी घाला. केसांचा प्लॅस्टिकचा चिमटा काढून पिशवीत टाका. डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये कडक वस्तू असली, तर पडल्यावर तीच आधी डोक्यात रुतते. मोठे झुमके असतील तर तेही काढा.

"पदर कसा घ्यायचा?" पदर कमरेला खोचा. डोक्याला पातळ सुती रुमाल बांधा, त्यावर हेल्मेट. जाड स्कार्फाचे चार वेढे दिले तर माप बिघडतं. सासूबाई काय म्हणतील, ही भीती मलाही होती. माझ्या सासूबाई टाके पडले तेव्हा उशाशी बसून होत्या. आता मी हेल्मेट विसरले तर त्याच दारातून हाक मारतात, "अगं माय, टोपडं राहिलं!"

"उकडतं." उकडतं, खोटं कशाला बोलू? आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. हवेला छिद्रं असलेलं आणि अस्तर काढून धुता येतं असं घ्या. आठवड्याला अस्तर धुवा, वास येत नाही. उन्हाळ्यात कामं सकाळी लवकर उरका.

"जवळच तर जायचंय." मी घरापासून दीड किलोमीटरवर पडले.

"हायवेवर घालू, गावात कशाला?" नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता आता मोठा झाला, गाड्या सुसाट जातात, तिथं तर पाहिजेच. पण त्या रस्त्याला आपण गावातूनच जाऊन मिळतो ना? घरातून निघतानाच घालायचं.

"नांदेडमध्ये सरदारजींना सूट आहे, मग आपल्याला का नाही?" कायद्यानं पगडी बांधलेल्या शीख बांधवांना सूट दिली आहे, ती त्यांच्या धर्मासाठी. बाकी कुणालाही नाही, बायकांनाही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणं चालवणारा असो की मागं बसणारा, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. कायद्यात दंड एक हजार रुपये आणि तीन महिने लायसन निलंबन. मागं बसणाऱ्यांवरही कारवाई करा, असा आदेश आपल्या राज्याच्या वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये काढला.

लेकरांचं पण ऐका. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या लेकराला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. माळेगावच्या जत्रेला, माहूरगडाला जाताना एका गाडीवर चौघं बसतात, मधल्या लेकराच्या डोक्याला काहीच नसतं. तेव्हा खंडोबा, रेणुकामाय आहेच. पण आपणही आपलं काम करायचं.

जुनं कधी टाकायचं?

जोराचा मार बसला की लगेच. मार बसला नसला तरी पाच वर्षांनी. आतल्या पट्टीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते बघा. थर्माकोल हलायला लागला, त्याला भेग गेली, पट्टा झिजला, लॉक नीट लागत नाही, तर टाका. हेल्मेट पेट्रोलनं, थिनरनं पुसू नका, कवच कमजोर होतं. साबणाचं पाणी पुरे.

आणि टाकायचं म्हणजे टाकायचंच. आपल्या घरात एक रीत असते. नवं आलं की ते कर्त्या माणसाला, जुनं बाईला आणि अगदीच फाटकं पोरीला. स्वेटरचं चालतं, मोबाईलचं चालतं. हेल्मेटचं चालत नाही. माझी पोर बारावीला आहे. माझं ते बाभळीखालचं हेल्मेट घरी आणल्यावर ती म्हणाली, "आई, मला दे की, क्लासला जायला." मी विळा घेतला आणि तिच्यासमोर त्याचा पट्टा कापला. ते हेल्मेट परत कुणाच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून.

पैसे कुठून?

मालक म्हणाले, "एवढे पैसे टोपीला?" मी त्यांच्यासमोर वही ठेवली. दवाखाना, सिटी स्कॅन, गोळ्या, माझं बुडालेलं मानधन. त्यात दहा हेल्मेट आली असती. ते पुढं काही बोलले नाहीत.

तुम्हीही वहीनंच बोला. बाराशेची दोन हेल्मेट, एक तुमचं आणि एक चालवणाऱ्याचं, म्हणजे २,४०० रुपये. गटाकडून अंतर्गत कर्ज घेतलं, सहा महिने दरमहा ४०० मुद्दल, शेकडा एक रुपया व्याज. पहिल्या महिन्याला व्याज २४, मग २०, १६, १२, ८ आणि शेवटच्या महिन्याला ४. एकूण व्याज ८४ रुपये. दोन रुपये शेकडा असेल तर १६८. आणि हे व्याज जातं कुठं? आपल्याच गटात. आपण म्हशीला, शिलाई मशीनला, लग्नाला कर्ज देतो. दशसूत्रीत आरोग्य आहे की नाही? मग या कारणासाठी कर्ज मागायला लाजू नका, आणि कुणी मागितलं तर हसू नका.

नवी गाडी घेत असाल तर शोरूममध्ये आयएसआय हेल्मेट मागा. गाडीबरोबर ते देणं नियमात आहे. पण तेही तुमच्या मापाचं आहे का, ते घालूनच बघा. गाडीला मागं धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाला साडीगार्ड, हेही नियमात आहे. पोरगा "गाडीचा लूक जातो" म्हणून साडीगार्ड काढत असेल, तर काढू देऊ नका.

किल्लारीनंतर आपण शिकलो होतो

शेवटचं एक सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या म्हाताऱ्या बाया विसरलेल्या नाहीत. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी. भिंत जाड म्हणून आपण तिला मजबूत समजत होतो.

त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावागावांत घरं दुरुस्त करून मजबूत करायचं काम निघालं. त्यात बचत गटांच्या, महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. तोवर बांधकाम म्हणजे पुरुषांची गोष्ट. या बायकांनी भिंत कशानं टिकते ते शिकून घेतलं, घरोघर जाऊन समजावून सांगितलं, गवंड्याला प्रश्न विचारले. आपल्या चळवळीची एक मुळी तिथं आहे. जाड दिसतं म्हणून मजबूत नसतं, आत काय आहे ते बघावं लागतं, हे आपल्या बायकांनी तेव्हाच ओळखलं. ज्या बायकांना भिंत तपासता आली, त्यांच्या लेकी-सुनांना हेल्मेट तपासता येणार नाही होय?

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या बैठकीला शिवणाची टेप घेऊन या. बचत जमा झाली की एकमेकींच्या डोक्याचं माप घ्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर नावासमोर लिहा. घरात जे हेल्मेट असेल ते आणा. उलटं करा, शिक्का बघा, पट्टा ओढा. खराब निघालं तर तिथंच कर्जाचा ठराव लिहा. आणि चार-पाच जणी मिळून तालुक्याला जा. एकटीला अर्धी टोपी दाखवतात, पाच जणींना नीट दाखवतात.

माझ्या गटानं हे केलं. आता आमच्या गावातून बँकेला निघालेल्या बायका लांबून ओळखू येतात. पोरं हसली पहिले आठ दिवस. नंतर त्यातल्याच एकानं येऊन विचारलं, "काकू, माझ्या आईचं माप घेता का?"

आता जेवायची वेळ झाली. जाताना मी पुन्हा दारात उभी राहणार आहे. आज कुणाला काही बोलणार नाही. पुढच्या वर्षी मात्र मोजणार आहे.